जांभळ्या पातळाची घडी

आये, परवा नातीच्या कॉलेजात फॅशन शो होता आणि तो बघता बघता मला तुझा इतका राग आला, की शेजारी बसलेल्या बाईनं हळूच विचारलं, "काकू, बरं वाटत नाही का?" तुला जाऊन किती वर्षं झाली. मीच आता आजी झाले, शाळेच्या नोकरीतून निवृत्त झाले, संध्याकाळी गुडघ्यांना तेल चोळत बसते. या वयात गेलेल्या आईवर दातओठ खायचे हे काही शहाण्या बाईचं लक्षण नाही. पण तू मला शहाणी कधी म्हटलंस? आगाव म्हणायचीस. तेव्हा आगावपणानंच लिहिते आहे, आणि मनात आहे ते सगळं लिहिणार आहे.

आधी आताचे शो कसे असतात ते सांगते, नाहीतर माझं चिडणं तुला कळायचं नाही. बसलेल्या लोकांच्या मधून, कमरेइतक्या उंचीचा, फळ्यांचा लांबलचक रस्ता करतात. त्याला रॅम्प म्हणतात. त्यावर लाल-निळे दिवे फिरत असतात आणि गाणं इतक्या मोठ्यानं लावतात की छातीत आपलं काळीज धडधडतंय की त्यांचा ढोल, समजत नाही. पोरी एकामागून एक येतात, टोकाला जाऊन कमरेवर हात ठेवतात, मान झटकतात, परत जातात. एकीच्या तोंडावर हसू नाही. नुकत्याच कुणाच्या तरी मौतीला जाऊन आल्यात असे चेहरे. नातीला विचारलं तर म्हणाली, "आजी, हसायचं नसतं. हसलं की लोक कपडे न बघता चेहरा बघतात." म्हटलं, बरं. पण कपडा तरी कुठं बघू देतात? सूत आहे की रेशीम, रंग टिकेल का, पदर केवढा, कोणी अक्षर बोलत नाही. पोरगी आली म्हणेपर्यंत गेलेली असते. तू असतीस तर पहिल्याच पोरीला हाक मारली असतीस, "आगं बाय, जरा हुबी ऱ्हा की. कापड तर बघू दे."

आपल्या माधवनगरची पहिली परेड अशी नव्हती. शो हा शब्दच नव्हता तेव्हा. साहेब लोक फॅशन परेड म्हणायचे आणि मिल कामगारांच्या आपल्या लाईनीतल्या बायका नुसतं परेट. आपल्या कापड मिलचं सुती पातळ तोवर कोणी न सांगता खपत होतं. मग नायलॉन आलं. धुतलं, झटकलं, नेसलं. इस्त्री नको, खळ नको. बायका त्याच्यामागं वेड्या झाल्या आणि मिलच्या दुकानात, जिथं तू कामाला होतीस, तिथं शुकशुकाट झाला. गिऱ्हाइकानं उलगडून टाकलेल्या पातळांच्या पुन्हा घड्या घालायच्या हे तुझं काम, आणि त्या दिवसांत तू घरी येऊन म्हणायचीस, "आज घडी घालाया एक पातळ सुटलं न्हाई." तेव्हा मुंबईहून आलेल्या विक्रीच्या साहेबानं परेडची टूम काढली. कामगार कल्याण केंद्राच्या हॉलात सतरंजी अंथरली, ग्रामोफोन लावला, आणि साहेबांच्या बायका-मुली मिलची पातळं नेसून त्या सतरंजीवरून चालल्या. साहेब माईकवर एकेका पातळाची कुंडली वाचत होता, की सूत कसलं, रंग पक्का, काठ विणलेला, छापलेला नव्हे. चालणारी बाई शेवटी येऊन थांबायची आणि पुढच्या बायका खुशाल उठून तिचा पदर चिमटीत धरून चोळून बघायच्या. एक म्हातारी तर एका साहेबाच्या बायकोच्या निऱ्या उलटून आतली बाजू तपासत होती. सगळ्या हसत होत्या, चालणारीही हसत होती. मी पुढं मांडी घालून बसले होते आणि तिथंच ठरवून टाकलं की एक दिवस मी इथून चालणार. मॅट्रिक व्हायचं की नाही हे अजून ठरायचं होतं, पण हे ठरलं होतं.

साहेबाची चूक झाली ती दुसऱ्या दिवशी. परेडमध्ये नेसलेली पातळं त्यानं दुकानात विकायला मांडली. त्याला वाटलं, बायकांनी अंगावर बघितलीत, आता उड्या पडतील. तुलाही तसंच वाटलं होतं, नाही म्हणू नकोस. तू प्रत्येक पातळाला पाणी शिंपडून, दाबून, कोऱ्यासारखी घडी घातली होतीस, आणि तुझ्या घडीचा तुला भारी गर्व. बायकांनी तो एका सकाळीत उतरवला. लांबूनच बोट दाखवून म्हणायच्या, "ते नगं. त्याची घडी इंजिनेर सायबाच्या बायकूनं मोडलीय." आपल्यात कोऱ्या पातळाची घडी मोडायला देतात ती जिवाभावाच्या माणसाला. बहिणीला, लेकीला, भावजयीला म्हणतात, "आधी तू नेस, घडी तू मोड," आणि मग ते धुऊन आपण नेसतो. त्यात माया असते. पण परक्या बाईनं घडी मोडलेलं पातळ दाम देऊन कोण घेईल? ती सगळी पातळं कपाटात पडून राहिली. साहेब "घडी तर जशीच्या तशी आहे" म्हणत डोकं खाजवत होता आणि तू तोंडाला पदर लावून मागच्या खोलीत निघून गेलीस.

पुढच्या वर्षी त्यानं नियमच बदलला. परेडमध्ये जी बाई पातळ नेसेल, ते तिचंच. दुकानात विकायला दुसरं कोरं ठेवायचं. झालं. आदल्या वर्षी ज्या लाजत होत्या त्या साहेबिणींमध्ये आता कोणी काय नेसायचं यावरून भांडणं लागली, एकमेकींकडचं चहापाणी बंद झालं. साहेब या कटकटीला इतका कंटाळला की त्यानं मुंबईहून मॉडेल मुली बोलवायचं ठरवलं. आणि लग्नातल्या नवऱ्या सजवायला सगळे तुलाच बोलवायचे म्हणून त्या मुलींना पातळं नेसवायचं काम तुझ्याकडं आलं. मी तुझ्या मागं लागले होते. साहेबाला माझं नाव सांग, एक तरी पातळ मला नेसू दे, एक फेरी. तू चुलीपुढं बसली होतीस, शेजारणी बसल्या होत्या, आणि तू मागं वळूनही न बघता म्हणालीस, "तू भाकरी घिऊन निघाल्यागत चालतीस. तुला बघून लोकास्नी भूक लागंल." सगळ्या खदखदून हसल्या. तुझ्या नवऱ्याचा, दादांचा, डबा रोज मिलच्या फाटकावर मीच पोचवायची, भोंगा व्हायच्या आत, पळत. मग कशी चालणार होते मी? तुझ्याच भाकरीनं माझी चाल बिघडली होती, आणि हसायला पुन्हा तूच.

त्या मुलींपैकी ती एक. तिचं नाव मी आजही तोंडातून काढणार नाही. उंच, हाडकुळी, लांब मानेची. ती गोरी असती तर मी समजून घेतलं असतं. जगच गोऱ्याच्या मागं, तू तरी काय करशील. पण ती माझ्यापेक्षा काळी होती, आये! म्हणजे माझ्याकडं सांगायला तेवढंही कारण उरलं नाही. मुंबईहून आणलेलं पोलकं आपल्या सुती पातळावर उठून दिसेना म्हणून ती तुझ्याकडून दुसरं शिवून घ्यायला आपल्या खोलीवर माप द्यायला आली. तू शिवणाचं मशीन बाजूला सारलंस आणि तिला नखशिखान्त बघितलंस. तू माणदेशातली, मेंढरांत वाढलेली. बाजारात चांगलं मेंढरू दिसल्यावर तुझे वडील जसे गप्प होऊन बघत असतील तशी तू बघत होतीस. मग तिला जेवायला बसवलंस. आमटीचं वरचं वरचं वाढलंस, भाकरी गरम तव्यावरची दिलीस. खर्डा खाऊन तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, नाक लाल झालं, तरी ती म्हणाली, "अजून द्या ना, आई." आई! मी जन्मभर तुला आये म्हणत आले आणि ही बया एका जेवणात आई म्हणून मोकळी झाली. तू तिच्या पाठीवरून हात फिरवून म्हणालीस, "दमानं खा, लेकरा." मी पाटावर बसून भाकरीचा पापुद्रा सोलत होते. माझ्या पाठीवरून हात फिरवायचा तर मला आधी ताप यावा लागायचा.

आणि मग ते जांभळं पातळ. दादा मिलमध्ये मागावर होते. एका हंगामात मिलनं नमुना म्हणून थोडी पातळं विणून बघितली, पिकलेल्या जांभळाचा रंग आणि काठ मोहरीच्या फुलासारखा पिवळा. ती दादांच्याच मागावर निघाली. सूत महाग पडतं म्हणून साहेबांनी तो नमुना बंद केला, आणि दादांनी त्यातलं एक आपल्या खात्याच्या साहेबाकडं मागून, पगारातून वळतं करून घरी आणलं. "पोरीच्या लग्नाला हुईल," म्हणाले. तू ते डांबराच्या गोळ्या घालून ट्रंकेत तळाशी ठेवलंस. मी तू नसताना ट्रंक उघडायची. उलगडायची हिंमत नव्हती. वरच्या वर बोट फिरवायची. त्याची घडी मोडायचा मान माझा, हे आपल्या घरात न बोलता ठरलेलं होतं. निदान मला तसं वाटत होतं.

परेडच्या दिवशी सकाळपासून तू हॉलच्या मागच्या खोलीत होतीस आणि मी तुझ्यासोबत, टाचण्या हातात देत. दुपारी साहेब आला आणि सहज बोलून गेला, की शेवटची फेरी त्या जांभळ्या नमुन्याची करायची फार इच्छा होती, पण दुकानात एकही शिल्लक नाही. बोलला आणि दाराकडं वळला. तुला कोणी विचारलं नव्हतं. त्या खोलीत कोणाला माहीतही नव्हतं. तू तिच्या पायाशी गुडघ्यांवर बसून निऱ्या सारख्या करत होतीस, तोंडात टाचण्या होत्या. त्या काढल्यास आणि म्हणालीस, "माझ्याकडं हाय." मला आधी वाटलं, तू दुसऱ्याच कशाबद्दल बोलतेस. मग तू उठलीस, चपला घातल्यास आणि घराकडं निघालीस. मी मागून धावले.

तू ट्रंकेतले कपडे भराभर बाहेर काढतेस, जमिनीवर ठेवतेस. मी दारात उभी आहे. मी म्हणते, "आये, ते माझं हाय." तू म्हणतेस, "व्हय, तुझंच हाय. मग?" मी म्हणते, "मी नेसते की. मी चालते." तू ते पातळ छातीशी धरून उभी राहतेस आणि माझ्याकडं बघतेस. रागानं नाही, प्रेमानंही नाही. हिशेब करून उत्तर आलेलं असावं तसं. "आगं, मला एकदा बघू दे ते कसं दिसतंय," म्हणतेस आणि माझ्या अंगाला घासून दारातून निघून जातेस. मी इतकी वर्षं या एकाच वाक्यापाशी अडकून पडले आहे. बघायचंच होतं तर माझ्यावर का नाही बघितलंस? माझ्यावर ते कसं दिसेल, हे तुला आधीच माहीत होतं का?

हॉलवर परत येऊन तू ते उलगडलंस. घडी मोडताना कोऱ्या सुताचा जो आवाज होतो तो मला ऐकू आला. तू तिला नेसवलंस, कोणाला कधी नेसवलं नसशील असं. एकेक निरी बोटांत घेऊन, फुंकर घालून. माझं तोंड बघून मध्येच दटावलंस, "तोंड कशाला पाडलंयस? टाचण्या दे हिकडं." मी दिल्या. मग तू मागं सरलीस, भिंतीला पाठ टेकेपर्यंत, आणि तिला बघत राहिलीस. माझी वेणी घालून झाली की तू मला खांद्याला धरून वळवायचीस आणि म्हणायचीस, "जा, पळ." मागं सरून तू मला कधीच बघितलं नाहीस. तेवढी जागाच नव्हती आपल्या खोलीत, असं मी मनाला समजावत आले. पण जागा करता येते.

ती चालली तेव्हा हॉलात कोणी उठून पदर चोळायला गेलं नाही. त्या वर्षी पहिल्यांदाच असं झालं. सतरंजीच्या शेवटी ती थांबली, वळली, जांभळा रंग उजेडात एकदा काळा दिसला, एकदा लाल. साहेब माईकवर वाचायचं विसरला. मागं, कामगारांना उभं राहायला दोरी बांधली होती तिथं, दादा होते. पुढं लोक म्हणाले की तू ते दादांसाठीच केलंस, नवऱ्यानं विणलेलं पातळ सगळ्यांना दिसावं म्हणून. फार गोड वाटतं ऐकायला. पण मी पडद्याआडून तुझ्याकडं बघत होते ना. तू दादांकडं एकदाही बघितलं नाहीस.

परेड संपल्यावर ती ते पातळ घडी घालून तुझ्याकडं घेऊन आली. वेडीवाकडी घडी, काठाला काठ नाही. म्हणाली, "आई, हे तुमच्या घरचं आहे असं कळलं. मी नाही नेणार." चांगली होती गं ती, हेच तर दुखतं. लबाड असती तर मला तिचा तिरस्कार तरी करता आला असता. मी हात पुढं केला होता. आपल्या रिवाजानं ते परत यायला हवं होतं. घडी मोडायला दिलेलं पातळ परतच येतं. तू माझा पुढं आलेला हात खाली केलास आणि तिला म्हणालीस, "ऱ्हाऊ दे. घडी तू मोडलीस, पातळ तुझं." साहेबाचा नियम तेवढ्यापुरता बरा आठवला तुला! घरी येताना मी रडत रडत विचारलं, का दिलंस? तू म्हणालीस, "दुसऱ्याच्या अंगावरचं माझ्या लेकीला न्हाई नेसवायची मी." हे तू माझ्या मानासाठी म्हणालीस, की मी तिच्यानंतर त्याच पातळात उभी राहिले तर तुला बघवणार नाही म्हणून, हे मी तुला कधी विचारलं नाही. उत्तराची भीती वाटायची.

पुढच्या परेडी तुला आवडल्या नाहीत, तेवढ्या बाबतीत आपलं एकमत. सांगलीच्या नाट्यगृहात तिकीट लावून झाली ती बघ. रंगमंचावर जिना, पाठीमागं रंगीत पडदा, इंग्रजी गाणी, आणि बायका इतक्या लांब की कापडाला हात लागायची सोय नाही. निवेदक सुताबद्दल न बोलता शेरोशायरी करत होता. निम्मी पातळं तर नायलॉनची, दुसऱ्याच कंपनीची. तू मला ओढून मध्येच बाहेर काढलंस. "ही काय परेट? लांबनंच दावत्यात," म्हणालीस. पण बाहेर पडायच्या आधी तू प्रत्येक मुलीचा चेहरा नीट बघून घेतला होतास, ती त्यात आहे का म्हणून. मला दिसत होतं. नंतर कधीतरी एका मासिकात साबणाच्या जाहिरातीत तिचा फोटो आला. तू तो कापून ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवलास, भाताच्या शितानं. माझ्या लग्नाचा फोटो त्याच ट्रंकेत होता, फडक्यात गुंडाळून, खाली. म्हणजे तू ट्रंक उघडलीस की आधी ती. लग्नात तू मला नायलॉनचं गुलाबी पातळ घेतलंस, चांगलं भारीतलं. ते उन्हात अंगाला चिकटत होतं. सगळ्यांनी नवरी छान दिसते म्हटलं. तू म्हणालीस, "पदर नीट घे."

मग टीव्ही आला, आणि जगातल्या सुंदऱ्या मुकुट घालून रडायला लागल्या, तेव्हा माझ्या शाळेतल्या मुली मधल्या सुट्टीत डोक्यावर पाटी ठेवून व्हरांड्यात चालायच्या. मी त्यांना ओरडायची. आता तर मी राहते तिथं, साताऱ्यात, हळदीकुंकवालासुद्धा रॅम्प वॉक असतो, आये. नथ, नऊवारी आणि वर काळा गॉगल. साठीच्या बायका कमरेवर हात ठेवून चालतात आणि बक्षीस म्हणून कुकर नेतात. नऊवारी नेसवावी लागत नाही. शिवलेली मिळते, चेन लावायची, नाडी बांधायची, की झाली तयार. भाड्यानंही मिळते. काल कोणाच्या अंगावर होती, परवा कोणाच्या असेल, कोणी विचारत नाही. त्या साडीला घडीच नसते, हँगरवर लटकलेली असते. मोडणार काय?

नातीच्या शोसाठी मला बोलावलं ते मुलींना साड्या नेसवायला. हे काम मी तुझ्याकडून शिकले, टाचण्या देता देता, आणि ते मला येतं हेही मला आवडत नाही. माझ्याकडं एक इरकली होती, काळी, लाल काठाची, एकदाही न नेसलेली. ती मी नातीसाठी ठेवली होती आणि मनाशी पक्कं केलं होतं, की हिची घडी दुसऱ्या कोणालाही मोडू देणार नाही. मी तुझ्यासारखी नाही हे एकदा सिद्ध व्हायला हवं होतं. नातीला खरं तर घागरा हवा होता. "आजी, ही फार जड आहे, मी यात भोपळा दिसते," म्हणाली. मी तिचं काही ऐकलं नाही. दोन्ही हातांनी घडी मोडली, तिला नेसवली, आणि मुद्दाम भिंतीला पाठ लागेपर्यंत मागं सरले. बघितलं. छान आहे म्हटलं.

तिथंच कोपऱ्यात एक मुलगी उभी होती, मेढ्याकडच्या डोंगरातली, शेतकऱ्याची. भाड्याची शिवलेली नऊवारी, चेन अर्धवट अडकलेली, आणि काहीतरी चघळत खिडकीतून बाहेर बघत होती. ती नुसती उभी होती, आये. पण मला कळलं की ती इरकली कोणाच्या अंगावर हवी होती. माझी बोटं शिवशिवायला लागली. मी पुढं जाऊन तिची चेन तेवढी वर ओढून दिली आणि पटकन बाहेर येऊन खुर्चीवर बसले. तिथंच मला तुझा राग आला. शेजारच्या बाईला वाटलं, मला घेरी येते आहे.

हे पत्र तुला पोचायची सोय नाही म्हणूनच पुढचं लिहिते. पोचणार असतं तर नसतं लिहिलं. तेवढा आनंद मी तुला मिळू दिला नसता. शो संपल्यावर नात इरकलीचा बोंगा सावरत धावत माझ्याकडं आली. घामाघूम झाली होती, खूश होती. माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "आजी, सांग ना, कशी दिसले मी?" मी म्हटलं, "एक नंबर." तिनं माझ्या गळ्यात हात टाकले. आये, ती रॅम्पवरून चालत होती तेव्हा मी पडद्याकडं बघत होते, ती मेढ्याची पोरगी कधी बाहेर येते म्हणून. माझ्या नातीला मी बघितलंच नाही.